शेपटी हलते म्हणजे कुत्रा खूश आहे, असं नाही



काश्मीरमध्ये एकदा रस्त्याची तपासणी चालू होती. स्फोटकाचा वास लागला की शोधपथकातला कुत्रा भुंकत नाही, उकरत नाही, जागीच बसतो. त्या दिवशी आमची कुत्री बसली नाही. नुसती थबकली, शेपटी ताठ झाली. मला घाई होती. म्हणालो, "दमली असेल, चला." तिचा जवान म्हणाला, "साहब, दो मिनट. कुछ बोल रही है." ती दोन मिनिटं दिली, म्हणून आज तुमच्यासमोर उभा आहे.

कान मागे घेणं, ओठ चाटणं, तोंड फिरवणं ही भाषा लांडग्याकडेही आहे. मग फरक कुठे? हंगेरीतल्या संशोधकांनी 2003 मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. खाणं दिसतंय, पण काही केल्या मिळत नाही, असं झाल्यावर कुत्रे मागे वळून माणसाच्या तोंडाकडे बघत. माणसांनीच वाढवलेले लांडगे मात्र स्वतःच झटत राहत. 2019 मध्ये आणखी एक गोष्ट पुढे आली. भुवईचं आतलं टोक वर उचलणारा स्नायू कुत्र्यांत चांगला वाढलेला असतो, लांडग्यांत जवळजवळ नसतोच. म्हणजे हजारो वर्षं कुत्रा आपल्याशी बोलायला शिकला. ऐकायला शिकायचं ते आपण.

आणि मीच शिकलो नव्हतो. गेल्या दिवाळीत नातू घरच्या कुत्र्याच्या गळ्यात पडला. सगळे फोटो काढत होते. कुत्र्यानं तोंड फिरवलं, ओठ चाटले, डोळ्यांचा पांढरा भाग दिसला. मी ते पाहिलं आणि तरी म्हणालो, "शेपटी हलवतोय, काही करत नाही." दुसऱ्या क्षणी गालाला दात लागले. पंधरा मिनिटं साबण-पाण्यानं जखम धुतली, लगेच डॉक्टर गाठला. नातू बरा आहे. चूक कुत्र्याची नव्हती. त्यानं तीनदा सांगितलं होतं.

हलणारी शेपटी म्हणजे फक्त मनातली खळबळ. ती आनंदाची की भीतीची, हे बाकीचं अंग सांगतं. अंग सैल असेल तर ठीक. ताठ असेल तर मुलाला हळूच बाजूला घ्या. आणि गुरगुरला म्हणून कधी मारू नका. मार खाऊन तो गुरगुरणं सोडतो, भीती सोडत नाही. मग पुढच्या वेळी इशारा न देताच चावतो.

त्या जवानाची दोन मिनिटं घरीही द्या. एवढंच सांगायचं होतं. जय हिंद.