न जेवणारें कुत्रें

कुत्र्याला जेवणाचा आग्रह करावा लागतो, हें ऐकून पुष्कळांना हसूं येईल. आपल्याकडे कुत्रें म्हटलें कीं भूकच डोळ्यांपुढें उभी राहते. नामदेवांच्या चरित्रांत सांगितली जाणारी कथा घरोघरीं ठाऊक आहे : कुत्र्यानें पोळी पळविली आणि नामदेव तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागें धांवले. त्या कुत्र्याला ‘जेव रे बाबा’ म्हणून कोणी विनविलें नव्हतें. आज शहरांतील बिऱ्हाडांत वाटी घेऊन धांवणारीं माणसें पुष्कळ दिसतात. फरक एवढाच कीं, कुत्रें पोळी टाकून पळत असतें.

हा प्रश्न लाडावलेल्या शहरी कुत्र्यांचाच आहे, अशी मात्र कोणी समजूत करून घेऊं नये. बीड जिल्ह्यांत मांजरसुंब्याहून केजकडे जाणाऱ्या रस्त्यावर नेकनूर हें गांव आहे. बालाघाटाचा माळरान मुलूख, ज्वारीचें पीक आणि आठवडी बाजार यांनीं तेथील आयुष्याला आकार दिला आहे. दसरा उलटला कीं या भागांतील असंख्य जोडपीं ऊसतोडणीसाठीं साखर कारखान्यांकडे निघतात. नवराबायको मिळून एक ‘कोयता’ मोजला जातो. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, ती फिटेपर्यंत फड सोडतां येत नाहीं. गांवीं उरतात तीं म्हातारीं माणसें, शाळेंत जाणारीं कांहीं मुलें आणि दारचीं जनावरें.

अशाच एका घरांत आजी, दहा वर्षांची नात आणि मोत्या नांवाचें एक लहानसें गांवठी कुत्रें मागें राहिलें. मोत्या वर्षाचा होता, अंगानें मांजराहून थोडा थोर. त्याला वेगळी ताटली अशी कधीं नव्हतीच. घरधनी जेवायला बसला कीं त्याच्या मांडीशीं बसावें आणि तो मोडून देईल तो भाकरीचा तुकडा खावा, एवढेंच त्याला माहीत. ट्रॅक्टर गेला त्या संध्याकाळीं त्याच्यापुढें दूधभाकरी ठेवली, ती सकाळीं कोंबड्यांनीं खाल्ली. दुसऱ्या दिवशीं तेंच. “त्याचा जीव तिकडं लागलाय,” आजी म्हणाली, “आता कुठलं खातंय ते.”

मुलीला तें पाहवेना. तिनें चौथ्या दिवशीं मोत्याचा जबडा उघडून भाकरीचा काला आंत कोंबला. त्यानें तो ओकून टाकला, आणि तेव्हांपासून ताटली दिसली कीं तो खाटेखालीं शिरूं लागला. आतां त्याला केवळ भूक नव्हती असें नव्हे. जेवणाचें भयच बसलें होतें. प्रेमानें केलेल्या जबरदस्तीचाहि परिणाम जबरदस्तीसारखाच होतो. प्राणी हेतु पाहत नाहीं, हात पाहतो.

शेवटीं मोत्याला जनावरांच्या दवाखान्यांत नेलें. डॉक्टरांनीं प्रथम मुलीला दटावलें, आणि तें योग्यच केलें. ज्या कुत्र्याला अन्न गिळतां येत नाहीं त्याच्या तोंडांत हात घालणें हें प्राणावरचें धाडस आहे. पिसाळलेलें कुत्रें चवताळून अंगावरच येतें असें नाहीं. कित्येकदां त्याचा जबडा लोंबतो, लाळ गळते, आवाज बदलतो, गिळतां येत नाहीं. आणि घशांत हाड अडकलें असावें म्हणून भोळीं माणसें बोटें घालून पाहतात. लुई पाश्चरनें १८८५ सालीं माणसाला पहिली लस टोंचली, तेव्हांपासून हा मृत्यु टाळण्याचा उपाय हातीं आहे. परंतु रोगाचीं लक्षणें दिसूं लागल्यावर तो उपाय चालत नाहीं. चावा लागला किंवा लाळ जखमेला लागली, तर ती जागा साबण व वाहतें पाणी यांनीं पंधरा मिनिटें धुवावी आणि त्याच दिवशीं दवाखाना गांठावा.

मोत्याला त्यांतलें कांहीं नव्हतें. त्याच्या हिरड्या गुलाबी होत्या, अंगांत ताप नव्हता. (कुत्र्याचें अंग आपल्याहून ऊनच असतें, १०१ ते १०२॥ अंश हा त्याचा नेहमींचा उष्मा.) कानांत गोचीडहि नव्हते, गोचिडांच्या तापानें कुत्र्याचें अन्न सुटतें, म्हणून तें पाहावें लागतें. तेव्हां डॉक्टरांनीं विचारलें, “दिवसभरात याच्या पोटात काय काय जातं?” आजी घुटमळली. मग बाहेर आलें कीं, पांचव्या दिवसापासून ती त्याला चहांत भिजविलेलीं बिस्किटें देत होती. सकाळीं दोन, दुपारीं दोन, आणि कुणाला न सांगतां रात्रीं आणखी दोन. उपाशी म्हणून ज्याच्यासाठीं घर हळहळत होतें, त्याचें पोट बिस्किटांनीं भागत होतें. या गोष्टीसाठीं आजीला हसण्याचें कारण नाहीं. मुंबईपुण्याच्या दिवाणखान्यांतहि हेंच चालतें, बिस्किट तेवढें महाग असतें.

उपाय सांगितला तो साधा. बिस्किटें बंद. दाराआडचा एक कोपरा ठरवावा, जेथें कोंबड्या येणार नाहींत. सकाळीं व संध्याकाळीं ठरल्या वेळीं थोडें अन्न ठेवावें, वीस मिनिटांनीं मुकाट्यानें उचलावें, आणि मध्यें कांहीं देऊं नये. पाणी मात्र सदैव भरलेलें असावें. मुलीनें जवळ बसावें, परंतु त्याच्याकडे पाठ करून. ही शेवटची अट तिला सर्वांत कठीण गेली.

एक गोष्ट मुलीनें स्वतः शोधून काढली. बापाची पितळी ताटली फळीवर होती. ती तिनें जमिनीवर ठेवली, तों त्या आवाजानें मोत्या खाटेखालून बाहेर आला. रशियन शास्त्रज्ञ पावलोव्ह यांना पचनक्रियेवरील संशोधनाबद्दल १९०४ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. त्यांच्या प्रयोगशाळेंतील कुत्र्यांच्या तोंडाला अन्न आणणाऱ्या माणसाची चाहूल लागतांच पाणी सुटे. तेंच येथें घडलें. पण याच न्यायानें तिनें फोनवरून बापाचा आवाज ऐकविला, तेव्हां मोत्या अन्न सोडून दाराकडे धांवला आणि रात्रभर उंबऱ्यावर बसला. ताटलीचा आवाज म्हणजे जेवण. बापाचा आवाज म्हणजे बाप. पुढें फडावरून फोन आला, “जेवला का मोत्या?” असा पहिला प्रश्न आला, कीं ती अंगणांत जाऊन बोलूं लागली.

अन्नाविषयीं दोन शब्द येथेंच सांगितले पाहिजेत. कुत्र्याची जीभ आपल्याहून पुष्कळ मंद, नाक मात्र अतितीक्ष्ण. म्हणून थंड काल्याकडे तें पाहत नाहीं आणि तोच काला कोमट केला कीं मान उंचावतें. भाकरी कुत्र्याला पचत नाहीं हा समज खरा नाहीं. लांडग्याहून कुत्र्याला पिष्ट पदार्थ अधिक पचतात, हें स्वीडनमधील संशोधकांनीं २०१३ सालीं दाखविलें. माणसाच्या चुलीजवळ राहण्याचा तो परिणाम असावा. तथापि नुसत्या भाकरीवर तें पोसत नाहीं. अंडें किंवा मांस यांची जोड हवी. कांदा, लसूण, द्राक्षें, मनुका आणि चॉकलेट हीं त्याला विषासारखीं आहेत. शिजविलेलें हाड फुटून आंतडें फाडतें. उन्हाळ्यांत भूक मंदावते, त्याची काळजी नको. धडधाकट मोठें कुत्रें एक दिवस जेवलें नाहीं तर बिघडत नाहीं. परंतु लहान पिलाची गोष्ट वेगळी. त्याला दिवसांतून तीनचार वेळां अन्न लागतें. तें जेवेनासें झालें, निपचित पडलें, किंवा वांति व रक्ताची हगवण सुरू झाली, तर वीस मिनिटांचे नियम बाजूला ठेवून त्याच घटकेला डॉक्टरांकडे न्यावें.

मोत्यानें पहिले दोन दिवस ताटली नुसती हुंगली. तिसऱ्या दिवशीं अंड्याचा पिवळा बलक चाटला. मुलगी त्याला संध्याकाळीं माळावर पळवून आणूं लागली, आणि त्यानंतरच्या जेवणांत पहिल्यांदा भाकरीचा तुकडा गेला. आजीची बिस्किटें मात्र एकदां पकडलीं गेलीं. तेव्हां नातीनें डबाच शेजारीं नेऊन ठेवला. दहाव्या दिवशीं ताटली रिकामी झाली. मुलीनें पाठ फिरविली नाहीं, पण चाटण्याचा आवाज थांबेपर्यंत ती श्वास रोधून बसली होती.

कारखान्याचा पट्टा पडला आणि बाप परत आला, तेव्हां मोत्यानें काय केलें असेल तें कुत्रें पाळणारांना सांगावयास नको. रात्रीं बाप जेवायला बसला, मोत्या मांडीशीं आला, आणि बापानें संवयीनें भाकरीचा तुकडा मोडला. “थांब,” आजी म्हणाली, “आधी त्याला त्याचं खाऊ दे. त्याची ताटली तिकडं आहे.” बापानें हात आवरला. मोत्यानें त्या हाताकडे पाहिलें, कोपऱ्याकडे पाहिलें, पुन्हां हाताकडे पाहिलें. मग मुलगी उठली आणि तिनें पितळी ताटली जमिनीवर ठेवली.