हलगी, पट्टा आणि ताल

पोलादपूर तालुक्यांतील उमरठ येथें तानाजी मालुसरे यांची समाधि आहे. १६७० सालीं कोंढाण्यावर ते पडले. त्या काळचा दांडपट्टा आज बहुधा हलगीच्या तालावरच पाहावयास मिळतो. लोखंडी खोबळ्यांत हात गेला कीं मनगट वळत नाहीं. सारें काम खांद्याचें व पावलांचें. हलगी तीं पावलें बसविते.

मुलांच्या हातांत मावणाऱ्या यंत्रावर २००७ सालीं जपानांत ‘पाटापॉन’ नांवाचा खेळ निघाला. ‘पाटा-पाटा-पाटा-पॉन’ असा ढोल वाजविला कीं चिमुकली सेना चालूं लागते. ‘पॉन-पॉन-पाटा-पॉन’ म्हणतांच वार करते. ठोका चुकला कीं अडखळते. आमच्या वस्तादांना हें निराळें समजावून सांगावें लागणार नाहीं!

पण यंत्रांत डाव फिरून मांडतां येतो. शिवाय खरा प्रतिस्पर्धी आपल्या तालावर थोडाच चालतो? त्याचा ताल ओळखून तोडणें, ही पुढची विद्या. २०२४ सालीं महाराष्ट्र शासनानें दांडपट्ट्यास राज्यशस्त्राचा मान दिला, तें योग्यच झालें. परंतु मिरवणुकींत टाळ्या पडतात त्या गिरक्यांना. वार अडविणाऱ्या पोराकडे कोणी पाहत नाहीं, आणि मग तें पोरही गिरक्याच शिकतें.