वैशाखातील सहल

नृसिंह ज्यांचे कुळदैवत, अशी मराठवाड्यातील कित्येक कुटुंबे आज पुण्यामुंबईस स्थायिक आहेत. परभणी-परळी लोहमार्गावर पोखर्णी येथे नृसिंहाचे मंदिर आहे. वैशाख शुद्ध चतुर्दशीस, म्हणजे नृसिंहजयंतीस, त्यांनी मुलाबाळांसह तेथे अवश्य जावे. मात्र दर्शन उरकून भर दुपारी परतू नये. नृसिंह खांबातून प्रकटला तो संध्यासमयी. हिरण्यकशिपूस त्याने मारले ते उंबरठ्यावर. ना दिवस, ना रात्र. ना घरात, ना बाहेर! परगावी वाढणाऱ्या मुलांची स्थितीही काहीशी अशीच असते. ऊन कलल्यावर, देवळाच्या सावलीत, आजीच्या तोंडून त्यांना ही कथा ऐकू द्यावी. मग गाव त्यांना परके वाटणार नाही. सहलीचे खरे फळ तेच.