केसांचा टोप, विम्याचा आधार आणि ग्राहकाचा विवेक



कर्करोगाच्या उपचारांविषयी बोलताना शस्त्रक्रिया, किरणोपचार, औषधे आणि त्यांचा खर्च यांचा विचार सर्वप्रथम होतो व तो होणे योग्यच आहे. परंतु रसायनोपचार सुरू झाल्यावर दोन-तीन आठवड्यांत रुग्णाच्या उशीवर केसांचे पुंजके दिसू लागतात, फणी भरून येते आणि आरशासमोर उभे राहणे नकोसे होते. या दुःखाची नोंद रुग्णालयाच्या कागदपत्रांत सहसा होत नाही. रुग्णाच्या मनावर मात्र त्याचा ठसा खोल उमटतो. केस जातील या भीतीने उपचार लांबणीवर टाकले गेले, तर हा प्रश्न केवळ सौंदर्याचा राहत नाही, तो जीविताचा होतो.

मध्य भारतातील कर्करुग्णांच्या दृष्टीने नागपूरचे महत्त्व मोठे आहे. शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय, राष्ट्रसंत तुकडोजी प्रादेशिक कर्करोग रुग्णालय आणि जामठा येथील राष्ट्रीय कर्करोग संस्था या ठिकाणी विदर्भातील अकराही जिल्ह्यांतून, तसेच मध्य प्रदेश व छत्तीसगड या शेजारच्या राज्यांतून रुग्ण येतात. त्यांतील अनेकांना केसांचा टोप कोठे मिळतो, त्याची किंमत किती असावी आणि त्यासाठी विम्याचे साहाय्य मिळते काय, हे सांगणारे कोणी भेटत नाही. अशा वेळी जो विक्रेता प्रथम भेटतो, त्याचाच शब्द अखेरचा ठरतो.

केस का जातात?

रसायनोपचारातील औषधे झपाट्याने विभाजन पावणाऱ्या पेशींवर आघात करतात. कर्करोगाच्या पेशी तशा असतात, त्याचप्रमाणे केसांच्या मुळांतील पेशीही तशाच असतात. डॉक्सोरुबिसिन, पॅक्लिटॅक्सेल, डोसेटॅक्सेल, सायक्लोफॉस्फामाइड यांसारख्या औषधांनी केस मोठ्या प्रमाणावर जातात. इतर काही औषधांनी ते केवळ विरळ होतात, तर काहींनी जातही नाहीत. म्हणून आपल्या औषधांनी काय होणार, हे उपचार सुरू होण्यापूर्वीच डॉक्टरांना विचारून घेणे इष्ट होय. किरणोपचारात ज्या भागावर किरण सोडले जातात तेवढ्याच भागाचे केस जातात. छातीवरील किरणोपचाराने डोक्याचे केस जात नाहीत.

रसायनोपचार संपल्यावर बहुतेक रुग्णांचे केस काही आठवड्यांत पुन्हा उगवू लागतात. डोक्याचा केस महिन्याला साधारणपणे एक सेंटिमीटर वाढतो. याचाच अर्थ असा की, बहुसंख्य रुग्णांना टोपाची गरज सुमारे वर्षभराची असते. ही एक गोष्ट ठाऊक असली, तर ‘आयुष्यभर टिकणारा’ म्हणून गळ्यात मारल्या जाणाऱ्या महागड्या वस्तूचा मोह सहज टाळता येतो. चाई पडून सर्व केस गेलेल्या रुग्णांची गोष्ट निराळी आहे. त्यांची गरज दीर्घकालीन असू शकते व खरेदीचा विचारही त्यांनी त्याच दृष्टीने केला पाहिजे.

केस आणि सामाजिक प्रतिष्ठा

बालाजीला केस अर्पण करणारी स्त्री ते श्रद्धेने आणि स्वेच्छेने देते. आजार केस हिरावून नेतो, तेव्हा त्यात स्वेच्छा नसते. शिवाय आपल्या समाजाला केशवपनाच्या रूढीची जुनी स्मृती आहे. विधवेचे केस उतरवून तिला समाजापासून तोडण्याची ती रीत होती. तिच्याविरुद्ध महात्मा जोतीराव फुले यांनी आवाज उठविला आणि १८९० साली कामगार चळवळीचे आद्य प्रवर्तक नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईच्या नाभिकांना हे काम नाकारण्यास प्रवृत्त केले. ती रूढी मागे पडली, तरी केस नसलेल्या स्त्रीकडे पाहण्याची नजर पूर्णपणे बदललेली नाही. म्हणून टोपाची मागणी करणाऱ्या स्त्रीला ‘जीव वाचला हे काय थोडे झाले?’ असे सुनावणे अन्यायाचे आहे. जीव वाचला म्हणूनच तिला चारचौघांत वावरायचे आहे.

विमा कोठे उपयोगी पडतो?

काही देशांत वैद्यकीय कारणासाठी लागणारा टोप हा उपचाराचा भाग मानला जातो. जर्मनीत डॉक्टरांनी लिहून दिल्यास सार्वजनिक आरोग्य विमा त्याच्या खर्चाचा वाटा उचलतो. इंग्लंडमध्ये राष्ट्रीय आरोग्य सेवेमार्फत टोप मिळतो. तेथे रुग्णालयात दाखल असलेल्यांना व अल्प उत्पन्न असलेल्यांना तो विनामूल्य असतो, इतरांना ठरावीक शुल्क द्यावे लागते. अमेरिकेत काही खाजगी विमा कंपन्या खर्च देतात, परंतु डॉक्टरांच्या चिठ्ठीवर ‘विग’ असे न लिहिता ‘क्रेनियल प्रोस्थेसिस’ असे लिहिलेले असावे लागते. एका शब्दाने दावा मंजूर वा नामंजूर होऊ शकतो, हा त्यातील बोध आहे.

आपल्याकडे या प्रश्नाचा सर्वांत जवळचा आधार राज्य कामगार विमा योजनेत सापडतो. १९४८ च्या कायद्यान्वये स्थापन झालेली ही योजना २४ फेब्रुवारी १९५२ रोजी कानपूर व दिल्ली येथे सुरू झाली आणि गिरण्यांचे शहर असलेल्या नागपुरात ती १९५४ साली आली. तज्ज्ञ डॉक्टरांच्या शिफारशीवरून द्यावयाच्या साधनांच्या तिच्या यादीत श्रवणयंत्र, कृत्रिम दात, कृत्रिम डोळा, चाकांची खुर्ची यांच्याबरोबर स्त्री रुग्णांसाठी केसांच्या टोपाचाही समावेश आहे. १ जानेवारी २०१७ पासून दरमहा २१,००० रुपयांपर्यंत वेतन असलेले कामगार या योजनेच्या कक्षेत येतात. तेव्हा हिंगणा वा बुटीबोरीच्या औद्योगिक वसाहतीत काम करणाऱ्या एखाद्या स्त्री कामगाराला कर्करोग झाला, तर तिने दुकानाची पायरी चढण्यापूर्वी आपल्या विमा दवाखान्यात किंवा सोमवारी पेठेतील कामगार विमा रुग्णालयात चौकशी करावी. तज्ज्ञांची लेखी शिफारस आणि मंजुरी अगोदर, खरेदी नंतर, हा क्रम मोडू नये. कुटुंबीयांना कोणता नियम लागू होतो, तेही तेथेच विचारावे.

दुसरा आधार महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेचा. २ जुलै २०१२ रोजी आठ जिल्ह्यांत राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना या नावाने ती सुरू झाली, २१ नोव्हेंबर २०१३ रोजी नागपूर येथूनच ती राज्यभर लागू झाली आणि २०१७ मध्ये तिला सध्याचे नाव मिळाले. आता प्रत्येक कुटुंबाला वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंत संरक्षण मिळते. ही योजना शस्त्रक्रिया, किरणोपचार व रसायनोपचार यांचा भार उचलते. टोप हा स्वतंत्र उपचार म्हणून तिच्यात धरलेला नाही. तरीही तिचा अप्रत्यक्ष लाभ मोठा आहे. औषधोपचाराचा खर्च योजनेतून झाला, म्हणजे घरातील थोडी पुंजी अशा गरजेसाठी शिल्लक राहते. रुग्णालयातील आरोग्यमित्राला भेटून नोंदणी करणे ही म्हणूनच पहिली पायरी होय.

तिसरा प्रकार खाजगी वा सार्वजनिक कंपन्यांच्या विमापत्रांचा. यात दोन जाती आहेत. पहिली जात रुग्णालयातील प्रत्यक्ष खर्च भरून देणारी. अशा विमापत्रात टोपाचा खर्च मिळेल असे गृहीत धरू नये. कंपनीला लेखी विचारावे व उत्तर लेखीच घ्यावे. दुसरी जात गंभीर आजाराच्या विमापत्राची. त्यात अटींनुसार आजाराचे निदान सिद्ध झाले की ठरलेली रक्कम एकरकमी मिळते व ती कशावर खर्च केली याचा हिशेब द्यावा लागत नाही. घरात असे विमापत्र असेल तर टोपासाठी निराळ्या मंजुरीची गरजच नाही.

निदान झाल्यानंतर ‘आता तरी विमा काढा, सगळे मिळेल’ असे सांगणाऱ्या प्रतिनिधीपासून सावध राहावे. आधीच असलेल्या आजारासाठी तीन वर्षांपर्यंत प्रतीक्षाकाळ असू शकतो आणि आजार लपवून घेतलेले विमापत्र ऐन वेळी निरुपयोगी ठरते. घेतलेले विमापत्र पसंत नसल्यास ते परत करण्यासाठी ३० दिवसांची मुदत असते, हेही लक्षात ठेवावे.

दुकानातील दडपण

टोपाचा ग्राहक हा इतर ग्राहकांसारखा नसतो. तो थकलेला, घाबरलेला आणि घाईत असतो. ‘ही सवलत आजच्यापुरतीच’, ‘आगाऊ रक्कम भरा, विम्यातून परत मिळेल’, ‘स्वस्तातला घेतला तर लोक ओळखतील’ ही वाक्ये अशा मनावर नेमकी काम करतात. त्यांवर उपाय म्हणजे खरेदीची घाई मुळातच टाळणे. केस जाण्यापूर्वी, म्हणजे उपचाराच्या आरंभीच, घरच्या एखाद्या माणसाला बरोबर घेऊन दोन-तीन ठिकाणी भाव विचारून यावे. त्या वेळी केसांचा मूळ रंग व ठेवणही जुळवता येते. त्याच दिवशी पैसे भरू नयेत.

विचारायचे प्रश्न थोडेच आहेत. केस कृत्रिम धाग्याचे की मानवी? आतील जाळी कशाची? डोक्याचे माप घेऊन तो बसवून देणार काय? सैल वा घट्ट झाल्यास दुरुस्तीचे पैसे किती? परत घेण्याची अट कोणती? डोक्याला लागलेली वस्तू आरोग्याच्या कारणाने अनेक विक्रेते परत घेत नाहीत, म्हणून ही अट पैसे देण्यापूर्वी पावतीवर लिहून घ्यावी. कृत्रिम धाग्याचा टोप स्वस्त, हलका व धुतल्यावरही आकार टिकवणारा असतो, मात्र उष्णतेने तो बिघडतो. मानवी केसांचा टोप अधिक काळ टिकतो, परंतु त्याची किंमत कितीतरी पट असते व निगाही अधिक लागते. वर्षभराच्या गरजेला पहिला प्रकार बहुधा पुरेसा होतो.

पक्की पावती न देणे, सदोष वस्तू कबूल करूनही परत न घेणे किंवा खोटी जाहिरात करणे या गोष्टी २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने अनुचित ठरविल्या आहेत. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक साहाय्य क्रमांकावर तक्रार करता येते. विमा कंपनीविषयी तक्रार असल्यास प्रथम कंपनीकडे व तेथे दाद न मिळाल्यास विमा लोकपालाकडे जाता येते. टोपाबरोबर ‘केस परत आणणारे’ तेल वा औषध विकले जात असेल, तर त्याला स्पष्ट नकार द्यावा. टक्कल बरे करण्याचा दावा औषधांच्या बाबतीत करू नये, असे औषध नियमावलीच ‘जे’ परिशिष्टात सांगते.

विदर्भाचे ऊन आणि घरची चूल

नागपूरच्या मे महिन्यात पारा पंचेचाळिसाच्या पुढे जातो. अशा उन्हात टोप दिवसभर घालणे सुखाचे नसते. आत पातळ सुती टोपी घालणे, घरी टोप काढून ठेवणे आणि बाहेर जाताना सुती दुपट्टा बांधणे हा व्यवहार्य मार्ग आहे. येथे उन्हाळ्यात लहानथोर सारेच दुपट्टा बांधतात, त्यामुळे त्यात वेगळेपणही वाटत नाही. कृत्रिम टोप घालून चुलीसमोर, शेगडीसमोर किंवा वाफेजवळ काम करू नये. आणि कोणाला टोप नकोच असेल, तर तोही निर्णय तितकाच आदरणीय आहे.

गावाची जबाबदारी

या कामी सरपंच, ग्रामसेवक आणि शिक्षक पुष्कळ करू शकतात. उपचार घेऊन परतलेला विद्यार्थी टोपी वा दुपट्टा घालून वर्गात बसला, तर गणवेशाच्या नावाखाली ती काढावयास लावू नये. तो येण्यापूर्वीच इतर मुलांना दोन शब्दांत समजावून सांगावे. हा आजार संसर्गाने होत नाही, हे ग्रामसभेत स्पष्ट करावे. कोणत्या कुटुंबाची कामगार विम्याची वर्गणी भरली जाते आणि कोणाची फुले योजनेत नोंदणी व्हावयाची आहे, याची माहिती आशा कार्यकर्तीच्या साहाय्याने ठेवावी. बरे झालेल्या स्त्रियांचे चांगल्या स्थितीतील टोप स्वच्छ धुऊन इतरांना वापरावयास देण्याची सोय एखादा महिला बचत गट सहज करू शकेल. त्यासाठी मोठ्या निधीची आवश्यकता नाही.

योजना कागदावर असते, तिचा लाभ माणसाने माणसाला सांगितला म्हणजेच तो घरी पोहोचतो. तालुक्याच्या गावाहून नागपूरला निघालेल्या रुग्णाच्या हाती तपासणीच्या कागदांबरोबर ‘प्रथम आरोग्यमित्र, मग विमा दवाखाना, शेवटी दुकान’ एवढी एक ओळ लिहून दिली, तरी त्याचे पैसे आणि मनःशांती दोन्ही वाचतील.