वाण्याची यादी आणि बाहेरचं खाणं

महिन्याची वाण्याची यादी करताना आपण फार काटेकोर असतो. तूरडाळीचा भाव चढला, की अर्धा किलो कमी लिहितो. पण त्याच महिन्यात घरातली माणसं बाहेर किती रुपयांचं खाल्ली, हे विचारलं तर आकडा सांगता येत नाही. आज बोलायचं आहे ते या दुसऱ्या खर्चाविषयी.

कुटुंबांच्या खर्चाची पाहणी केंद्र सरकार वेळोवेळी करतं. 1999-2000 मध्ये शहरात 100 रुपये खर्चापैकी सुमारे 48 रुपये खाण्यापिण्यावर जात. 2023-24 मध्ये 40 च्या आत. मिळकत वाढली की खाण्याचा वाटा घटतो, असं जर्मन संख्याशास्त्रज्ञ अर्न्स्ट एंगेल यांनी 1857 मध्येच सांगून ठेवलं होतं. धान्याचा वाटा 12 रुपयांवरून 4 च्या खाली आला. मात्र पेयं, तयार पदार्थ आणि विकतचं जेवण यांचा वाटा 6 वरून 11 वर गेला. म्हणजे आज शहरात धान्याच्या जवळजवळ तिप्पट!

ही निव्वळ चैन आहे, असं मी म्हणणार नाही. नवराबायको दोघंही नोकरीला असतील, तर पोळीभाजी केंद्रातल्या दहा पोळ्या म्हणजे कुणाचा तरी वाचलेला तास. घरच्या पोळीतले बाईचे कष्ट वाण्याच्या बिलात कधी लागलेच नाहीत. विकतच्या पोळीत त्यांची किंमत मोजावी लागते, आणि त्यावर दुसऱ्या एखाद्या बाईचं घर चालतं. खोलीवर चूल नसलेल्या कामगाराला तर वडापाव हेच जेवण.

अडचण वेगळीच आहे. वाण्याचं बिल एकरकमी येतं, म्हणून डोळ्यांत भरतं. बाहेरचा खर्च वीस, पन्नास, दोनशे असा सुटा जातो. महिनाअखेर ओढाताण झाली, की कात्री लागते ती डाळीला, दुधाला, मुलांच्या फळांना. खर्च एकीकडे वाढतो आणि शिक्षा दुसरीकडे होते.

म्हणून मी हिशेबाच्या वहीत तीन रकाने ठेवते : किराणा, गरजेचं विकतचं आणि हौसेचं. काटकसर करायचीच झाली, तर सुरुवात तिसऱ्या रकान्यापासून. हौस जरूर करावी, पण ती डाळीच्या डब्यातून होऊ नये, एवढंच माझं सांगणं.