रोजची एक गोळी आणि मोबाईलवरचा खेळ

आजच्या भाषणाचा विषय ऐकून आपल्यापैकी काहीजण म्हणतील, खेळ तो खेळ आणि औषध ते औषध. दोहोंचा संबंध काय? शिक्षक मंडळी तर म्हणतील, पोरांच्या हातचा मोबाईल काढून घेता घेता आमच्या नाकी नऊ आले, आणि तुम्ही त्याच्याच खेळाचे गुण गायला निघालात! गुण गायचे नाहीत. पण त्या खेळाने काय साधले आणि काय साधले नाही, हे नीट समजून घेण्यासारखे आहे खरे.

एड्स ज्याच्यामुळे होतो तो एच.आय.व्ही. हा विषाणू आपण सर्वांनी ऐकलेला आहे. तो एकदा शरीरात शिरला की औषधाने दाबून ठेवता येतो, माणूस चांगला दीर्घायुषी होतो. पण विषाणूला समूळ घालवणारी गोळी अजून नाही. म्हणून तो शिरण्याआधीच वाट अडवावी, असा विचार निघाला. टेनोफोव्हिर आणि एमट्रिसिटाबिन ही दोन औषधे एकत्र असलेली गोळी निरोगी माणसाने रोज घ्यायची. तिला प्रेप म्हणतात. अमेरिकेत २०१२ च्या जुलैत अशा वापराला परवानगी मिळाली. पेरणीच्या आधी आपण बियाण्याला औषध चोळतो, त्यातलाच हा प्रकार. फरक इतकाच, की बियाण्याला एकदा चोळले की भागते. इथे ते रोज करावे लागते.

आणि घोडे अडले ते या ‘रोज’ पाशीच.

दक्षिण आफ्रिका, युगांडा आणि झिंबाब्वे या तीन देशांत २००९ ते २०१२ या काळात पाच हजारांहून अधिक बायांवर एक मोठा प्रयोग झाला. त्याचे नाव ‘व्हॉइस’. काहींना गोळ्या दिल्या, काहींना लावायचे औषध, काहींना तसेच दिसणारे पण औषध नसलेले. दर महिन्याला विचारपूस होई, उरलेल्या गोळ्या मोजल्या जात. त्या हिशेबाने शेकडा ९० च्या आसपास गोळ्या घेतल्या गेल्या होत्या. पुढे रक्त तपासले, तर ज्यांना गोळ्या दिल्या होत्या त्यांच्या नमुन्यांपैकी तिसऱ्या हिश्श्यातही औषध सापडेना! अर्थात गोळीने कुणाचे रक्षण झाल्याचेही दिसेना. गुरुजी, गृहपाठ केला का असे विचारल्यावर वर होणारे हात आणि प्रत्यक्षातल्या वह्या यांचा मेळ आपण रोज पाहता. तसेच हे झाले.

त्या बायांना खोटारड्या म्हणून मोकळे होणे सोपे आहे. मागाहून त्यांच्याशी निवांत बोलणे झाले तेव्हा निराळेच निघाले. ही डबी कुणी पाहिली तर मलाच तो रोग आहे असे समजतील. घरचा माणूस संशय घेईल. धडधाकट असताना औषध कशाला. शिवाय गोळीने अपाय होतो अशी कुजबुज. केंद्रातल्या ताईंपुढे हे बोलायचे कसे? त्यापेक्षा ‘घेते हो’ म्हणणे बरे. आता सांगा, इथे विसरभोळेपणा कितीसा आहे? गजर लावून ही अडचण सुटायची नाही.

खेळाचा उपयोग होतो तो इथे. त्याची वाट आधी कर्करोगाच्या बाजूने पडली होती. ‘री-मिशन’ नावाचा एक संगणकी खेळ अमेरिकेत निघाला. त्यात रॉक्सी नावाची इवलीशी वीरांगना रोग्याच्या शरीरात शिरून कर्कपेशींशी लढते. अमेरिका, कॅनडा व ऑस्ट्रेलियातल्या ३४ रुग्णालयांतील ३७५ तरुण रोग्यांवर तो पारखला, आणि २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत खेळणाऱ्यांनी औषधे अधिक नेमाने घेतल्याचे दिसले. प्रेपसाठी तसाच ‘व्हायरल कॉम्बॅट’ हा मोबाईलवरचा खेळ तयार झाला. अमेरिकेच्या दक्षिणेत मिसिसिपी राज्य आहे, कापसाचे आणि गरिबीचे. तिथल्या जॅक्सन शहरी सुमारे ६० तरुणांवर तो पारखला. २०२१ च्या अहवालाप्रमाणे खेळणाऱ्यांच्या रक्तात औषध पुरेसे असण्याचे प्रमाण जास्त आढळले. त्यांच्या सांगण्यात नव्हे, रक्तात, हे महत्त्वाचे.

असे का व्हावे? पोटात गेलेली गोळी काय करते ते डोळ्यांना दिसत नाही; आज घेतली नाही म्हणून आज काही दुखतही नाही. खेळात मात्र ती लढाई समोर दिसते. आणि दुसरे, मला वाटते हे अधिक मोलाचे: खेळ रागावत नाही, आणि शेजारी जाऊन सांगत नाही.

तरी ६० जण म्हणजे फार थोडे, हे विसरू नये. खेळाचा कंटाळा येतो, तो आला की पुढे काय? एकाच घरात एकच मोबाईल असेल, तर लपवायची वस्तू एकाऐवजी दोन होतात.

कुणी म्हणेल, आता तर सहा महिन्यांतून एकदा टोचायचे लेनाकॅपाविर आले आहे, २०२५ च्या जूनमध्ये अमेरिकेने त्याला परवानगीही दिली. मग गोळीचा हा काथ्याकूट कशाला? सुई सोयीची आहेच. पण सहा महिन्यांनी दवाखान्याच्या दारात परत उभे राहायला तीच भीड आडवी येते. आणि क्षयाच्या गोळ्या तर आपल्याच गावात महिनोन् महिने घ्याव्या लागतात. त्यासाठी भारतातच एक साधी युक्ती निघाली: गोळ्यांच्या पाकिटाआड दूरध्वनीचा क्रमांक दडवायचा. गोळी काढली की तो दिसतो, त्यावर मिस्ड कॉल द्यायचा, म्हणजे आजची गोळी नोंदली गेली. साधा फोन पुरतो, पैसा लागत नाही. मोठ्या खेळापेक्षा मला ही युक्ती आपल्या वस्तीला जवळची वाटते.

प्रेपविषयी एक खबरदारी. ही गोळी मनाने सुरू करायची नसते. आधी एच.आय.व्ही. नाही ना, मूत्रपिंडे ठीक आहेत ना, हे डॉक्टर तपासतात, आणि तपासणी पुढेही दर तीन महिन्यांनी करावी लागते. इतर गुप्तरोगांपासून ती वाचवत नाही. ज्यांना कुणाच्या तोंडावर विचारायचा संकोच वाटतो, त्यांच्यासाठी राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेचा १०९७ हा विनामूल्य दूरध्वनी आहे.