दोन मैलांवरचा नेम



कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेने २०२४च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक मिळवले, ते ५० मीटरवरच्या रायफल नेमबाजीत. आज ज्या नेमबाजीविषयी बोलायचे आहे, तिच्यात लक्ष्य याच्या चौसष्टपट लांब असते. दोन मैल, म्हणजे सुमारे ३,२०० मीटर! अमेरिकेत न्यू मेक्सिको राज्यात रॅटन गावाजवळ व्हिटिंग्टन सेंटर आहे. तिथे 'किंग ऑफ टू माइल्स' नावाची स्पर्धा भरू लागली आणि या छंदाला नाव मिळाले.

इतके अंतर कापायला गोळीला सहा-सात सेकंद लागतात. तेवढ्यात गुरुत्वाकर्षण तिला दीडशे मीटरहून अधिक खाली ओढते, म्हणून नळी त्या हिशेबाने वर धरायची. वारा वाटेत ठिकठिकाणी वेगवेगळा वाहतो. पृथ्वी फिरते, तेही गणितात धरावे लागते. शिवाय गोळीचा वेग ध्वनीच्या वेगापर्यंत उतरला की ती डळमळू लागते. म्हणून नेमबाजाशेजारी दुर्बिणीतून मृगजळाची थरथर न्याहाळत वारा वाचणारा जोडीदार बसतो. निम्मे श्रेय त्याचेच.

आता खर्च. खास रायफल आणि तिची दुर्बीण यांतच आपले दहा लाख रुपये सहज जातात. काडतुसे भली मोठी. दारू काट्यावर तोलून स्पर्धक काडतुसे बहुधा स्वतःच भरतात. एवढ्या दारूच्या आगीने नळी लवकर झिजते आणि हजार-दीड हजार गोळ्यांनंतर बदलावी लागते. सर्वांत महाग म्हणजे जागा. गोळी चुकली तरी कुणाला लागू नये, इतका मोकळा माळ दाट वस्तीच्या देशात आणायचा कुठून?

मग मिळते काय? मिळते ते ज्ञान. हवा गोळीला किती अडवते, हे आता डॉप्लर रडारने क्षणाक्षणाला मोजता येते, आणि कारखानदारांनी छापलेले आकडे अशा मैदानांवर पारखून निघतात. हे ज्ञान सैन्यालाही उपयोगी पडते, हे लपवण्यात अर्थ नाही. शिकाऱ्यांनी मात्र यातून चुकीचा धडा घेऊ नये. स्पर्धेतले लक्ष्य म्हणजे पोलादी पाटी, ती जागची हलत नाही. जनावर सहा सेकंदांत दोन पावले टाकते आणि जखमी होऊन रानात तडफडते.

अंतराच्या हव्यासालाही मर्यादा हवी. २०२२ साली वायोमिंगमध्ये ४.४ मैलांवरचे लक्ष्य टिपले गेले. गोळी सुमारे २४ सेकंद हवेत होती. चिकाटी आणि गणित यांचे कौतुक करावेच. पण लक्ष्याला लागली ती ६९वी गोळी होती. एवढ्या गोळ्या झाडल्यावर नशिबाचा वाटा किती आणि हाताचा किती, हे सांगणे कठीण. पहिल्याच गोळीला जास्त गुण देणारा सामना म्हणूनच मला अधिक प्रामाणिक वाटतो. तिथे वाऱ्याचा अंदाज आधी बांधावा लागतो, आणि तो चुकला तर पैसा सावरायला येत नाही.

तेव्हा अशा विक्रमाची बातमी कानावर आली, तर अंतर किती हे जरूर विचारा; पण त्याआधी गोळी कितवी होती, ते विचारा.